चिंगीच्या डोळ्यांतलं औषध

जयवंती विधवा होऊन आगाशीला माहेरी आली तेव्हा तिला धड लुगडंही नेसता येत नव्हतं. पुढचं सारं आयुष्य भाऊ हरिभाऊंच्या वाडीत गेलं. केळी राखायची, पापड लाटायचे, गावातल्या लेकीसुनांची बाळंतपणं काढायची. तिचं स्वतःचं म्हणावं असं एकच होतं, चिंगी नावाची मांजराएवढी कुत्री.

एका वर्षी चिंगीचे डोळे लालभडक झाले, उघडेनात. मुंबईला नोकरीला असलेल्या भाच्यानं, शरदचंद्रानं, डोळ्यांत घालायचं नवं औषध आणून दिलं. दोन-चार दिवसांत डोळे निवळले. जयवंतीला देव पावल्यासारखं झालं. पुन्हा दुखणं उलटेल या धास्तीनं ती बाटलीमागून बाटली मागवत राहिली, दिवसातून कितीदा तरी थेंब घालत राहिली.

पुढे चिंगी सारखी पाण्यावर तुटून पडू लागली. घरातच मुतू लागली. पोट लोंबलं, पाठीवरचे केस झडले.

"वन्सं, चारून चारून तुम्हीच तिची ही दशा केलीत," भावजय रुक्मिणी म्हणाली.

जयवंतीला ते पटलं. तिनं भाकरी निम्म्यावर आणली. चिंगी भुकेनं तिचा पदर ओढायची आणि ही काळजावर दगड ठेवून तोंड फिरवायची.

गुण येईना तेव्हा ती चिंगीला घेऊन बसनं वसईला गुरांच्या डॉक्टरांकडे गेली. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"खाण्याचा दोष नाही, बाई, हे त्या औषधाचं. डोळ्यातला थेंब नाकावाटे घशात उतरतो, रक्तात भिनतो. एवढ्याशा जिवाला तेवढंही फार होतं. पण आता तिच्या अंगाला त्याची सवय झालीय, एकदम तोडलंत तर जिवावर बेतेल. हळूहळू कमी करा."

घरी येऊन तिनं सारं सांगितलं. हरिभाऊंच्या डोक्यात मात्र औषध बाधलं एवढंच राहिलं. दुसऱ्या दिवशी ती एका बाळंतिणीकडे गेलेली असताना, बहिणीचा जीव टांगणीला नको म्हणून त्यांनी बाटली मोरीत रिकामी केली. चिंगी ओकू लागली, मग उठेनाशी झाली. मुंबईहून दुसरी बाटली यायच्या आत तिनं मान टाकली.

हरिभाऊंनी स्वतः केळीच्या बुडाशी खड्डा खणला. बहिणीकडे बघायचा त्यांना धीर होईना. जयवंतीनं त्यांना बोल लावला नाही. रुक्मिणीनं जेवायला वाढलं तेव्हा ती इतकंच म्हणाली, "तिच्या खाण्याचा दोष नव्हता, वहिनी. आणि मी तिला उपाशी मारलं."



त्यानंतर जयवंती पुष्कळ वर्षं जगली. दारात कुठलंही जनावर आलं, की ती आधी त्याच्यापुढे भाकरी टाकायची आणि मग कुणाचं आहे ते विचारायची.