नीट थांबत जा

दिगूकाका कुणाच्याही गाडीत बसले, तरी लगेच निघू देत नसत. आधी गाडी दहा पावलं पुढे न्यायची, ब्रेक दाबून थांबवून दाखवायची आणि मगच फाटकाबाहेर पडायचं. लग्नाचा मुहूर्त टळत असला तरी यात सूट नव्हती. सगळं जग निघणाऱ्याला 'नीट जा' म्हणतं; काका म्हणायचे, "नीट थांबत जा."

त्यांची सारी नोकरी झाशीच्या रेल्वेत, डब्यांचे ब्रेक तपासण्यात गेली. त्यांचे वडील भुसावळहून बदली होऊन आले आणि इथलेच झाले. काका आमचे शेजारी. मराठी बोलता बोलता हिंदीत कधी शिरत, ते त्यांचं त्यांनाही कळत नसे. निवृत्त झाल्यावर गल्लीतल्या सगळ्या गाड्यांची काळजी त्यांनी आपणहून डोक्यावर घेतली.

माझी बायको नंदा झाशीजवळच्या बबीना गावातल्या शाळेत शिकवते आणि रोज आमची जुनी गाडी घेऊन जाते. एका दुपारी परतताना म्हैस आडवी आली. नंदानं जीव खाऊन ब्रेक दाबला, तरी गाडी घसरत गेली आणि म्हशीपासून वीतभर अंतरावर थांबली. म्हैस शांतपणे निघून गेली. नंदानं मात्र घरी येऊन किल्ली माझ्यापुढे ठेवली. "मी आता चालवणार नाही. शाळा सोडावी लागली तरी चालेल."

अठरा वर्षं जीव लावलेली शाळा! मी घाबरलो, आणि घाबरलेला नवरा जे करतो तेच केलं: दुकान गाठलं. सिव्हिल लाइन्समधल्या दुकानदारानं ब्रेकच्या मोठ्या डिस्क, त्या आवळून धरणारे लाल रंगाचे कॅलिपर असा सगळा थाट दाखवला आणि मी होकार देऊन आलो.

काकांना मोठ्या ऐटीत सांगितलं. त्यांनी मला मैदानामागच्या रिकाम्या डांबरी रस्त्यावर गाडी न्यायला लावली. "वेग घे विनू, आणि दाब जोरात." मी दाबला. चाकं जागच्या जागी थांबली, गाडी मात्र घसरत पुढे गेली. काका उतरले आणि त्यांनी रस्त्यावर उमटलेले काळे पट्टे दाखवले.

"देखो, चाक रुक गया, गाड़ी नहीं रुकी. मग ब्रेक कमी कुठे पडला? मोठा लावलास तरी तू एवढाच घसरशील." मग त्यांनी टायरमध्ये अंगठ्याचं नख रोवून पाहिलं. नख रुतेना. "तू नक्षी बघत बसलास. रबर वाळून लाकूड झालंय."

टायर आठ वर्षांचे होते. नक्षी शाबूत म्हणून मी ते लोकांना अभिमानानं दाखवत असे. ब्रेक ऑइल कधी बदललं, या प्रश्नावर मी आभाळाकडे पाहिलं.

"म्हणजे मोठे ब्रेक कधीच नकोत?"

"रोज माल भरून घाट उतरणार असशील, तो बात करेंगे. बबीन्याला जायला आहेत तेच धड ठेव."

दुकानदाराला नाही म्हणून कळवलं. टायर बदलले, ब्रेकचं ऑइल आणि पॅड नवे घातले, मागच्या ब्रेकचे ड्रम साफ झाले. पण नंदा किल्लीला हात लावेना. तेव्हा काका स्वतः तिच्या शेजारच्या सीटवर जाऊन बसले. पहिल्या सकाळी तिनं किल्ली लावली, पण फिरवली नाही. "सूनबाई, थांबवायला येतं ना? फिर काहे का डर," ते म्हणाले. आठ दिवस ते तिच्याबरोबर बबीन्याला गेले, शाळेच्या व्हरांड्यात पेपर वाचत बसले आणि दुपारी तिच्याबरोबर परतले. नवव्या दिवशी ते फाटकातच उभे राहिले. नंदानं दहा पावलांवर गाडी थांबवली, आरशात त्यांच्याकडे पाहिलं आणि एकटी गेली. माझे डोळे भरून आले. काका उगाच फाटकाची कडी तपासत बसले.

गेल्या हिवाळ्यात काका झोपेतच गेले. शववाहिनी दारात आली, त्यांना आत ठेवलं, ड्रायव्हरनं इंजिन सुरू केलं. एकाएकी नंदा पुढे झाली.

"भैया, पहले दस कदम चलाकर रोक दीजिए."

ड्रायव्हर गोंधळून माझ्याकडे बघू लागला. मी मान हलवली. गाडी दहा पावलं गेली आणि थांबली. नंदा चालत तिथवर गेली आणि तिनं काचेवर हात टेकवला.

"आता नीट जा, काका."