दाराबाहेरचा चहा

मालावीच्या सरोवरावर चिलटांचे थवे धुरासारखे उभे राहिले की नाम्वालेला वाटे, पाण्यापलीकडे कुणीतरी भलीमोठी चूल पेटवलीय आणि तिला सोडून गेलेली सगळी माणसं त्या चुलीभोवती बसलीत. मुलींच्या नेटबॉल क्लबात अठरा वर्षं मक्याच्या पिठाची न्सिमा घोटताना तिची अशी तंद्री लागे. तळ करपला की मुली म्हणत, "गोगो परत पाण्यावर गेल्या."

गोगो म्हणजे आजी. ही आजी बाकी भलतीच तिखट. एखादीनं उभ्यानं पाणी दिलं तर पेला तसाच परत पाठवायची. मोठ्यांपुढे गुडघे टेकायचे, नजर खाली, तोंडाला कुलूप. हे वळण तिनंच सगळ्यांना लावलं होतं आणि त्याचा तिला केवढा तोरा. प्रशिक्षक काम्बेवांचा चारचा चहा ती बारा वर्षांच्या अलिनाफेच्या हाती धाडे, कारण गुडघे टेकावेत तर त्या पोरीनं.

त्या दिवशी अलिनाफे कप घेऊन चुलीपाशीच रेंगाळली.

"गोगो, आज उंबऱ्यावर ठेवून आले तर चालेल?"

"उंबऱ्यावर कुत्र्याला ठेवतात. आत जाऊन नीट टेक गुडघे."

"टेकले की सर दार लावतात."

नाम्वालेनं तिच्या हातातला कप काढून घेतला. पोरीला रोज तिथं धाडत कोण होतं? आणि तोंड उघडू नये हे शिकवलं कुणी? तिला स्वतःची शिसारी आली.

"बस इथंच. चूल सांभाळ," ती म्हणाली आणि कप घेऊन आंब्याखाली गेली. तिथं क्लबाचे अध्यक्ष, म्हणजे गावचे प्रमुख, चौघांशी बोलत बसले होते. काम्बेवा त्यांच्या बहिणीचा मुलगा, आणि इथं गादी भाच्याकडे जाते, म्हणजे उद्याची गादी त्याचीच.

नाम्वाले उभीच राहिली.

"गुडघे दुखतात का गं?" प्रमुखांनी विचारलं.

"नाही. टेकले तर मला बोलता येणार नाही." मग तिनं सांगितलं. आधी आपली चूक, मग दाराचं.

"कुठली पोर?"

"नाव पोलीसबाईंना सांगेन. इथं नाही."

 प्रमुखांनी भाच्याकडून त्याच्या खोलीची किल्ली मागवून घेतली आणि पोलिसांकडे माणूस धाडला.

दुसऱ्या दिवशी चिलटांचा धूर पुन्हा उठला. नाम्वालेची तंद्री लागली, न्सिमा करपू लागली. कुणीतरी पाण्याचा पेला पुढे केला. अलिनाफे होती. उभी, आणि थेट तिच्या डोळ्यांत बघत.

नाम्वालेनं पेला घेतला आणि सगळं पाणी पिऊन टाकलं.