बॉयलरघरातल्या कुरडया

चैत्र लागला की शिरूरच्या मिशन कंपाउंडात बायका गहू भिजत घालतात. तीन दिवस गहू भिजतो, चौथ्या दिवशी वाटून त्याचा चीक काढतात, पाचव्या दिवशी तो शिजवून कुरडया घालतात. आभाळाकडे कोणी बघत नाही. बघायचे काय? ऊन असतेच. एकट्या प्रेमाबाई ओहोळ गव्हाला पाणी लावण्याआधी ओट्यावर येतात, कपाळावर हात धरून चारी दिशा न्याहाळतात आणि मगच आत जातात. दवाखान्यात नर्स असलेली, विलायतेत पाच वर्षे राहून आलेली बाई असे करते, म्हणून शेजारच्या बयाबाई दर वर्षी विचारतात, "काय सिस्टर, सूर्य हजर हाय का?"

"हाय. सही घेतलीया त्याची," प्रेमाबाई म्हणतात.

ही सवय त्यांना १९६२ च्या एप्रिलात लागली, यॉर्कशायरमधल्या एका गिरणगावात.

प्रेमाचे वडील एलिया ओहोळ सुतार होते. नर्सिंग शिकून ती बोटीने निघाली तेव्हा त्यांनी तिच्यासाठी सागवानी पेटी केली. पेटीत युनिफॉर्मच्या घडीखाली आईने, कृपाबाईंनी, पितळी सोऱ्या ठेवला, चकत्यांसकट. प्रेमा म्हणाली, तिथे काय करायचाय सोऱ्या? आई म्हणाली, "माणसं हायत ना तिथं? मग खातील."

दोन वर्षे सोऱ्या पेटीतच राहिला. दरम्यान त्याच हॉस्पिटलात दुसरी एक मुलगी आली, राहेल शिनगारे. तिचे वडील दौंडच्या लोको शेडमध्ये फिटर होते. शिरूर आणि दौंड यांत अंतर ते किती, पण परक्या मुलुखात दोघींना ते भांडायला पुरले.

"तुला बरंय," प्रेमा म्हणायची. "दौंडकर धुरातच वाढलेले. ह्या गावात तुला घरच्यासारखंच वाटत असंल."

"ताई, दौंडला धुराच्या वर सूर्य होता. इथं धुराच्या वर बी धूरच हाय."

त्या वर्षी वसंत ऋतू आला असे कॅलेंडर म्हणत होते. मार्चभर पाऊस पडला. तो कोसळतही नव्हता आणि थांबतही नव्हता. भिंती घामेजल्या, उशा दमट झाल्या, मीठ डब्यात चिकटून बसले. सूर्य दिसला त्या तारखेभोवती राहेल पेन्सिलीने गोल काढायची. महिनाअखेर सात गोल झाले. त्यातला एक प्रेमाने खोडला. तो चंद्र होता, असे तिचे म्हणणे होते.

राहेलचे लग्न ठरले होते. नवरा नथानिएल, मूळ निमोण्याचा, त्याच गावात लोखंडाच्या ओतकारखान्यात कामाला. तारीख धरली होती ईस्टरनंतरच्या शनिवारची. दौंडहून राहेलच्या आईचे, बानूबाईंचे, पत्र आले. बानूबाई मिशनच्या शाळेत चौथीपर्यंत शिकलेल्या होत्या आणि बोलायच्या तसेच लिहायच्या: "तिकडं लगीन करता तर करा. पण हळद लागली पाहिजे आन् ताटात कुरडई पाहिजे. नुसता केक कापून मोकळं व्हाल तर ते लगीन आम्ही धरनार न्हाई. ताटाचा फोटो धाडा."

राहेलने पत्र दोनदा वाचले. "आई म्हंजी आई हाय. धरनार न्हाई म्हणाली तर खरंच धरायची न्हाई. आता मी कुरडई कुठनं आणू?"

"आणायची कशाला?" प्रेमा म्हणाली. "मी शिरूरची हाय. कुरडई माझ्यावर सोड."

गहू मिळाला कबुतरांचे दाणे विकणाऱ्या दुकानात. दुकानदाराने विचारले, किती पक्षी आहेत? प्रेमा म्हणाली, "चाळीस." लग्नाला पाहुणे तेवढेच होते.

झावळ्यांच्या रविवारी, म्हणजे ईस्टरच्या आठवडाभर आधी, चर्च सुटल्यावर ऊन पडले. चांगले, सावली पडण्याजोगे ऊन. प्रेमा खोलीवर आली आणि तिने इनॅमलच्या बादलीत गहू भिजत घातला. शिरूरला सगळ्या बाया घालतात तसाच घातला. उद्या आणि परवा आणि तेरवा ऊन असणार की नाही, असा प्रश्न असू शकतो हे तिला ठाऊकच नव्हते. सोमवारी सकाळी उठली तर खिडकीवर पाऊस.

"ताई, आता? उपसून टाकायचा का?"

"भिजला गहू परत सुका होत न्हाई, बये."

मंगळवारी बादलीला आंबूस वास सुटला आणि होस्टेलच्या वॉर्डनबाई मेलेला उंदीर शोधत सगळ्या खोल्या फिरल्या. बुधवारी हॉस्पिटलच्या स्वयंपाकघरातल्या खिम्याच्या यंत्रात गहू वाटला. गुरुवारी प्रेमाची सुट्टी होती. तिने चीक शिजवला, राहेलने घोटला, आणि दोघींनी आलटून पालटून सोऱ्या फिरवत हॉस्पिटलच्या चार पांढऱ्या चादरींवर साठ कुरडया घातल्या. चादरी प्रेमाने कपाटातून न विचारता आणल्या होत्या. संध्याकाळी बोट लावून बघितले तर कुरडया सकाळी होत्या तशाच ओल्या. खोलीतल्या हीटरपुढे एक ठेवून पाहिली. ती एका बाजूने करपली आणि दुसऱ्या बाजूने चिकटली.

"कृपामावशी काय करत्यात असं झालं की?" राहेलने विचारले.

"आईच्या जन्मात असं झालंच न्हाई," प्रेमा म्हणाली. मग करपलेली कुरडई खरवडत म्हणाली, "ती एक सांगायची. उन्हाबिगर वाळलेली कुरडई फुलत न्हाई. तेलात टाकली की दगड."

आणखी दोन दिवसांत कुरडयांना बुरशी येणार हे सांगायला नर्स असण्याची गरज नव्हती. पुन्हा गहू भिजवून वाळवायचा तर लग्नापर्यंत दिवस पुरत नव्हते, आणि ऊन तर नव्हतेच.

शुक्रवारी सकाळी प्रेमा मळके कपडे द्यायला धुलाईघरात गेली. शेजारी बॉयलरघर. दार उघडे होते आणि आतून जी हवा आली ती कोरडी होती. दीड महिन्यात पहिल्यांदा तिच्या अंगाला कोरडी हवा लागली. ती तिथेच उभी राहिली. आत बॉयलर सांभाळणारा स्टानिस्लाव चहा पीत होता. तो पोलंडचा, महायुद्धात घरादाराला मुकून इथे आलेला. त्याच्या डोक्यावर गरम पाइपांना दोरीत ओवलेल्या कसल्याशा काळ्या माळा लटकत होत्या.

"हे काय आहे?"

"मशरूम," तो म्हणाला. "माझी आई चुलीवर वाळवायची. या देशात सूर्याची वाट बघणारा माणूस उपाशी मरतो."

प्रेमाने त्याला कुरडई म्हणजे काय हे इंग्रजीत समजावण्याचा प्रयत्न केला. दोघांचेही इंग्रजी तिथवर पोचेना. शेवटी ती म्हणाली, "लग्न आहे. वाळवायचं आहे."

"आण," स्टानिस्लाव म्हणाला. "मागच्या फळ्यांवर. तिकडे कोळसा उडत नाही."

आणायचे कसे हा प्रश्न होता. होस्टेल ते बॉयलरघर मध्ये मोठे अंगण आणि वरून पाऊस. दोघींनी वॉर्डातला स्ट्रेचर घेतला, त्यावर फळी, फळीवर चादर, वर बांबूच्या कमानी लावून रबरी कापड. पुढे प्रेमा, मागे राहेल. अंगणात समोरून हॉस्पिटलचा म्हातारा हमाल येत होता. त्याने स्ट्रेचर पाहिला, पूर्ण झाकलेला पाहिला, आणि टोपी काढून छातीशी धरून पावसात उभा राहिला.

"हसू नको," प्रेमा पुढून दात आवळून म्हणाली. "हसलीस तर सगळं खाली जाईल."

"मी हसत न्हाई, ताई. मी रडतीया. त्यांना तसंच वाटू द्या."

अशा चार खेपा झाल्या. हमाल पहिल्याच खेपेनंतर निघून गेला हे बरे, नाहीतर हॉस्पिटलात साथ आली अशी बातमी उठली असती.

शनिवारी दुपारी कुरडया उलटल्या तेव्हा त्या अर्ध्या वाळल्या होत्या. त्याच वेळी दारात मेट्रन उभी राहिली. मिस हार्डकासल, सगळ्या नर्सांची प्रमुख. तिच्यापुढे डॉक्टरसुद्धा कोटाची बटणे लावत. चार चादरी कमी भरल्या होत्या आणि ती त्या स्वतः शोधत आली होती. तिने चादरी ओळखल्या. मग त्यांच्यावरच्या एकोणसाठ गुंडाळ्या पाहिल्या. प्रेमाने मान खाली घातली. चादरी न विचारता नेल्याबद्दल नोकरीच्या कागदावर शेरा बसला असता.

"सिस्टर ओहोळ, हे जिवंत आहे का?"

"नाही, मेट्रन. खायचं आहे. सिस्टर शिनगारेच्या लग्नाचं."

मेट्रनने वाकून एक कुरडई जवळून पाहिली. स्टानिस्लाव भिंतीला चिकटून उभा होता.

"किती वेळ लागेल?"

"सोमवार सकाळपर्यंत, मेट्रन."

"चादरी उकळून परत यायला हव्यात." ती वळली आणि जाता जाता म्हणाली, "आणि हे दार लावून घ्या. एवढी ओल आत येत असेल तर ते वाळणार कसं?"

सोमवारी कुरडया खडखडीत झाल्या. रंगाला किंचित सावळ्या. पण फुलतील की नाही हे तेलाशिवाय कळणार नव्हते, आणि तळून बघायला प्रेमा तयार नव्हती. राहेल रोज म्हणायची, एक तळू. प्रेमा म्हणायची, "आन् न्हाई फुलली तर? लगीन होईस्तोवर तोंड पाडून बसशील. शनवारी काय ते एकदाच कळू दे."

शुक्रवारी हळद लागली. कारखान्यातून थेट आलेल्या नथानिएलच्या मानेवर हळदीखाली काजळी तशीच होती, आणि तो म्हणाला, "ताई, हळूच लावा, ह्या रंगाचा मेळ बसायचा न्हाई." शनिवारी दुपारी लग्न लागले. मंडळी चर्चच्या सभागृहात बसली. बाहेर रिमझिम. मागच्या खोलीत प्रेमाने कढई ठेवली, तेल तापले, तिने एक कुरडई सोडली. राहेल शालू सावरत मागे येऊन उभी राहिली होती; नवरीने आत यायचे नसते, हे तिला कोणी सांगितले नाही.

कुरडई बुडाली. तळाशी गेली, तिथेच बसली. प्रेमाने झारा हातात घेतला आणि काही केले नाही. मग कडेची एक शेव सरळ झाली, दुसरी झाली, आणि सगळा गुंडाळा एकदम उलगडत वर आला, कढईभर, दुप्पट, तिप्पट.

"फुलली! ताई, फुलली गं!"

"दिसतंय मला. शालूला तेल लागंल, बाजूला हो." प्रेमाचा आवाज नेहमीपेक्षा चढला होता. ती काढून तिने लगेच दुसरी सोडली.

ताटे वाढली. वरण, भात, कोबीची भाजी, जिलेबीच्या जागी केक आणि प्रत्येक ताटावर एक कुरडई, ताटापेक्षा मोठी. कारखान्यातले इंग्रज ती कशी धरायची हे एकमेकांना विचारत होते. मिस हार्डकासलने काट्याने सुरुवात केली आणि मग काटा ठेवून दिला. फोटो काढायला आलेला माणूस मात्र मान हलवत होता. त्याचा फ्लॅश दमटपणाने बिघडला होता. आत इतका अंधार की ताटात काय आहे ते कॅमेऱ्याला दिसणार नाही.

"बाहेर उजेड असता तर," तो म्हणाला.

नथानिएलने खिडकीतून पाहिले आणि ओरडला, "पडलंय! ऊन पडलंय! उठा!"

कोणी जेवण संपवले नाही. चाळीस माणसे हातात ताटे घेऊन अंगणात धावली. जमीन ओली, कोपऱ्यात डबकी, आणि सगळ्यावर पिवळेधमक, कोवळे ऊन. राहेल आणि नथानिएल ताट पुढे धरून उभे राहिले. स्टानिस्लाव डोळे मिटून तोंड वर करून थांबला होता. प्रेमा गॅस बंद करून झाऱ्यासकट धावत आली तेव्हा फोटोवाला म्हणाला, हलू नका. ऊन चार-पाच मिनिटे टिकले. तेवढ्यात तीन फोटो झाले.

फोटो दौंडला पोचला. तीन आठवड्यांनी बानूबाईंचे उत्तर आले. हस्ताक्षर नेहमीपेक्षा मोठे होते.

"फोटो मिळाला. कुरडई दिसली. मोठी हाय, चांगली फुलली. लोको शेडातल्या सगळ्यांच्या घरी दाखवला. जावई बी दिसला, बरा हाय."