फुल बाह्यांचा नियम

आज माझ्या तोंडून नको ते गेलं. तुमच्यापाशी बोलून टाकतो.

आळंदला आमचं साड्यांचं दुकान आहे. आजच कामावर आलेल्या पोरीच्या मनगटावर मोराचा टॅटू. साडी अंगावर लावून दाखवली की आधी तोच नजरेत भरायचा.

"उद्यापासून फुल बाह्या घाल. गिऱ्हाइकं काय म्हणतील?" मी म्हणालो.

"कामून अण्णा, वाईट दिसायलाय?"

"दुकानात शोभत न्हाई."

ती मान खाली घालून साड्यांच्या घड्या घालत राहिली.

दुपारी बघतो तर गल्ल्यावर बसलेल्या माझ्या आईनं एवढ्या उकाड्यात दोन्ही हात पदराखाली घेतलेले. तिच्या हातांवर कोपरापर्यंत हिरवं गोंदण आहे.

"हात कामून झाकलेस?"

"गिऱ्हाइकं हायत की रे समोर."

पोरीची उद्या माफी मागेन. आईला काय म्हणू, सांगा.