जेवणानंतर एक

लग्न मोडून मी माहेरी परत आले, टिटवाळ्याच्या पलीकडच्या गावात, तेव्हापासून आशा सेविकेचं काम करते. गरोदर बायकांना रक्तवाढीच्या गोळ्या द्यायच्या, महिन्याने रिकामी पाकिटं बघायची. कुणी गोळ्या उकिरड्यात टाकल्या की माझं तोंड सुटायचं. "गोळ्यांनी पोर मोठं होतं, बाळंतपण अडतं," म्हणणाऱ्या सासवांनाही मी सोडलं नाही.

माझी वहिनीही गरोदर होती. तिची पाकिटं मात्र मी कधी बघितली नाहीत. घरातलीच ती, तिची काय तपासणी करायची!

सातव्या महिन्यात तिला तपासायला नेलं, तर रक्त पाच; अकरा तरी हवं. नर्सबाई माझ्याकडेच बघत राहिल्या. मेल्याहून मेल्यासारखं झालं. घरी येऊन वहिनीवर ओरडले, "गोळ्या कुठायत?" तिने डब्यातून काढून दिल्या. निम्म्याहून जास्त तशाच, रबर लावून ठेवलेल्या.

"ताई, तुम्हीच बोललात ना, उपाशीपोटी घ्यायची नाही, जेवण झाल्यावर घ्यायची. ज्या रात्री जेवण झालं, त्या रात्री घेतली."

दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. आमच्यात आधी बाबा, दादा, पोरं जेवतात. मग मी, कारण माझं फिरतीचं काम. मग आई. वहिनी शेवटी. पहाटे हापशावरून पाणी आणायचं, दिवसभर दुसऱ्याच्या मळ्यात भेंडी तोडायची, येताना लाकडं आणायची आणि रात्री पातेल्यातली खरवड. पातेल्यात मी कधी वाकून बघितलं नव्हतं.

रक्त चढवायला तिला ठाण्याला न्यायचं होतं. आई म्हणाली, भेंडी जोरात आलीय, मजुरी बुडेल, सोमवारी बघू. मीपण हो म्हणाले. कशाला खोटं बोलू? म्हणाले. रविवारीच कळा सुटल्या. ठाण्याला पोचेपर्यंत बाळ पोटातच गेलं. मुलगी होती. वहिनी वाचली.

मला रडू आलं नाही. अजूनही येत नाही.

आठवड्याने ओटीवर बसून मी नोंदवही भरली. बाळ गेल्याचं कारण म्हणून लिहिलं, 'मातेने गोळ्या नियमित घेतल्या नाहीत.' त्यात खोटं काही नव्हतं.

वहिनी दारात येऊन उभी राहिली. मी म्हटलं, "आज तू आधी बस गं. मी वाढते."

"तुमचं सगळ्यांचं होऊ दे," ती बोलली आणि माझं ताट वाढून आणलं.

मी बसले. जेवलेही.