कॅसेटमधली फुंकर

भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांची मी आयुष्यभर टिंगल केली. आजही कुणी अंगारा पुढे केला तर मी कपाळ मागे घेतो. तेव्हा हे वाचून तुम्ही माझी टिंगल केलीत तर बरोबरच आहे... फक्त शेवटपर्यंत वाचा.

साल २००६. नाशिकला, सिडकोतल्या आमच्या घराच्या मागच्या खोलीत माझा कंप्युटर होता. त्यावर मी वरातीच्या डीजेवाल्यांसाठी ट्रॅक बनवायचो. सगळ्यांचे ट्रॅक सारखेच वाजायचे, मला काहीतरी वेगळं हवं होतं. एकदम आठवलं — लहानपणी टीव्हीला जोडायचो त्या व्हिडिओ गेमचं म्युझिक. त्याचे तुकडे कापून खाली ढोल टाकला तर?

गेम होता पिंपळगाव बसवंतला, मावशीकडे. माझ्या मावसबहिणीचा, सुजाताचा. तिला दमा होता, धावणं-खेळणं बंद, म्हणून काकांनी तो आणला होता. अठ्ठ्याण्णव साली, बारावीत असताना, ती दम्यानेच गेली. मावशीने गेम तिच्या ओढणीत गुंडाळून कपाटात ठेवला होता.

"ने," मावशी म्हणाली. "पण लय जपून. आणि फुंकर मारल्याशिवाय कॅसेट लागत नाय बरं का. सुजी मारायची ना, तशी."

फुंकर तर आम्ही सगळेच मारायचो. गेम चालला नाही की कॅसेट काढायची, खालच्या फटीत फुंकायचं, परत खोचायची. सुजाताची पद्धत ठरलेली होती — दोन आखूड, एक लांब, आणि मग छातीतून बारीक शिट्टी. मला मात्र तेव्हापासून दुसऱ्याच्या थुंकीची किळस. घरी आणल्यावर मी फुंकलंच नाही. स्पिरिटमध्ये कापूस बुडवून फट स्वच्छ पुसली.

भर दुपारी गेमची वायर थेट कंप्युटरला जोडून रेकॉर्डिंग केलं. माइक माझ्याकडे नव्हताच. ऐकलं, तर म्युझिकच्या आधी... फू, फू, फूऽऽ. मागून ती शिट्टी. आणि घशात काहीतरी घट्ट अडकल्यासारखा ओला आवाज.

कॅसेट बाहेर काढली. फट ओली होती. बोटाला चिकट तार आली. परत पुसली, चांगली घासून.

आता याहून किळसवाणी गोष्ट सांगतो. आवाज कुणाचा हे मला तेव्हाच कळलं होतं. आणि तरी डोक्यात आलं ते एवढंच, की बीट भारी आहे. मी तो कापला, लूप केला, म्हणजे पुन्हा पुन्हा फिरता ठेवला, खाली ढोल टाकला.

ट्रॅक हिट झाला. त्या फू फू फूऽऽ वर पोरं एकमेकांच्या तोंडावर फुंकायची, मग बघत उभ्या असलेल्या मुलींच्या. तोंडात गुटखा, अंगाला घाम. मी बाजूला उभा राहून हसायचो.

मग एक वरात पिंपळगावात निघाली, नेमकी मावशीच्या गल्लीतून. मी डीजेच्या गाडीजवळच होतो. मावशी ओट्यावर आली, जरा वेळ ऐकत राहिली. मग गर्दीत घुसून तिने माझं मनगट धरलं.

"बंद कर दिनू. दमली ना रे ती."

मी बंद करायला लावलं. घरी येऊन ओकलो. स्वतःची इतकी घाण वाटत होती की रेकॉर्डिंग, लूप, ट्रॅक — सगळं डिलीट केलं.

चौथ्या दिवशी मावशी एसटीने एकटीच आली. पाणीसुद्धा न पिता कंप्युटरसमोर बसली.

"नाचगाणं नको. नुसती तिची फुंकर ऐकव एकदा. फोटो हाय माझ्याकडं तिचा. आवाज नाय."

मी धावत जाऊन डीजेवाल्याकडून त्याच ट्रॅकची सीडी आणली. ढोल होता, गेमचं म्युझिक होतं. फुंकरीच्या जागी काहीच नव्हतं. डीजेवाला फोनवर आईची शपथ घेऊन सांगत होता, कालच्या वरातीत वाजलं म्हणून. गेम पुन्हा जोडला, चारदा रेकॉर्ड केलं. नुसतं म्युझिक.

माइकशिवाय तो आवाज आला कुठून आणि सीडीवरून गेला कुठे, मला आजही माहीत नाही. साउंडमधले मित्र वायर, गंज, ओलावा असं काय काय सांगतात. मी मान हलवतो.

मावशीने त्या दिवशी कॅसेट हातात घेतली आणि फटीतून हळूच बोट फिरवलं. कोरडी ठणठणीत.

"पुसलीस का रे?" तिने विचारलं.

हो म्हणालो.