मोरेश्वररावांची वाफ

मोरेश्वर काळसेकर वीज मंडळातून निवृत्त झाले, तेव्हा सांगलीत त्यांच्याबद्दल दोन गोष्टी सगळ्यांना ठाऊक होत्या. भरारी पथकात असताना त्यांनी सख्ख्या मेव्हण्याच्या पिठाच्या गिरणीवरचा वीजचोरीचा आकडा काढला होता, आणि त्यांची सिगारेट काही केल्या सुटत नव्हती.

२०१८च्या दिवाळीनंतर ते ओसाकाला मुलीकडे आले. पद्मिनी तिथल्या एका विद्यापीठात पोस्टडॉक होती. बाबांचा पहाटेचा खोकला पातळ भिंतीपलीकडच्या नाकाओ आजींनाही ऐकू जायचा. बाल्कनीत ओढायला इमारतीची मनाई, रस्त्यात ओढली तर दंड. मग मफलर गुंडाळून स्टेशनजवळच्या काचेच्या खोलीत जायचं आणि धुरात उभं राहून यायचं.

पद्मिनीने ई-सिगारेट सुचवली. त्यात तंबाखू जळत नाही, द्रव तापून त्याची वाफ होते. यंत्र ओसाकातच मिळालं. निकोटिनचा द्रव मात्र मिळेना. इथे तो औषधांच्या कायद्यात येतो, म्हणून दुकानात विकत नाहीत. स्वतःपुरता महिनाभराचा परदेशातून मागवता येतो, तेवढंच.

"म्हणजे खालच्या कोंबिनीत, त्या चोवीस तासांच्या दुकानात, नंबर सांगितला की सिगारेट हातात," मोरेश्वरराव म्हणाले, "आणि ती सोडायची तर सामान परदेशातून?"

"हो. माझ्या नावावर मागवते मी."

"तुझ्या का? स्वतःपुरता म्हणजे स्वतःपुरता. ओढणार मी, मागवणार मी."

थंडी संपायच्या आत सिगारेट सुटली. जिन्यात एकदा नाकाओ आजींनी पद्मिनीला हळूच विचारलं, वडील गावी परत गेले का? खोकला ऐकू येत नव्हता ना.

ते सांगलीला गेले तेव्हा यंत्र सोबत होतं. तिथल्या डॉक्टरांनी मान हलवली. "याचे पुढे काय परिणाम होतील, अजून कुणालाच नीट माहीत नाही, काळसेकर."

"सिगारेटचे माहीत आहेत ना पण," ते म्हणाले.

सप्टेंबर २०१९मध्ये भारतात ई-सिगारेटवर बंदी आली. विकणं, बाहेरून आणणं, सगळं बंद. त्या संध्याकाळी त्यांचा फोन आला, तेव्हा आवाज चढलेला होता. "कोपऱ्यावरच्या टपरीत सिगारेट टांगलीय, गुटखासुद्धा मागच्या हाताने मिळतो. आणि गुन्हेगार कोण, तर मी. पोरांना नाद लागू नये म्हणून कडक नियम करा की. माझ्यासारख्या म्हाताऱ्याने काय करायचं, ते सांगेल का कुणी?"

पुण्यातला पद्मिनीचा चुलतभाऊ रणजित चोरून मिळवून द्यायला तयार होता. पद्मिनी सुटीत येताना बॅगेतून आणते म्हणाली. मोरेश्वररावांनी दोघांनाही झाडलं. "आयुष्यभर लोकांचे आकडे काढले. आता मी आकडा टाकू?"

जवळचा द्रव संपला आणि ते टपरीवर गेले. पद्मिनीला ते फोनवर खोकल्यावरूनच कळलं. तिला सरकारचा राग आला, पण त्याहून जास्त बाबांचा. कायदा पाळायचा म्हणून छातीची वाट लावून घेणारा माणूस तिने दुसरा पाहिला नव्हता.

जानेवारीत तिने त्यांना भांडून पुन्हा ओसाकाला आणलं. पुन्हा पार्सल मागवलं, पुन्हा वाफ सुरू झाली. पण एप्रिलपासून जपानातही आत बसून ओढण्याचे नियम कडक होणार होते आणि दुकानदार आधीच सावध झाले होते. नेहमीच्या कॉफीच्या दुकानात यंत्र बाहेर काढताच मालकाने दोनदा वाकून माफी मागितली आणि कोपऱ्यातली धूम्रपानाची खोली दाखवली.

"अहो, मी ओढत नाही म्हणून तर हे," मोरेश्वरराव मराठीतच म्हणाले. मालक तिसऱ्यांदा वाकला. ते त्या खोलीत गेले आणि बाहेर आले तेव्हा कोटाला इतरांच्या सिगारेटचा वास मारत होता.

"मला धुरातून बाहेर काढायला निघालेत, आणि कोंडतात धुरातच," ते घरी येईपर्यंत बडबडत होते.

मार्चमध्ये साथीमुळे विमानं बंद झाली आणि ते अडकले. मग पार्सलंही रखडली. शेवटची बाटली अर्धी उरली, तेव्हा पद्मिनी घाबरली. ते चिडलेले होते, पण घाबरले नव्हते. निकोटिन नसलेला द्रव इथल्या दुकानात उघड मिळायचा. तो त्यांनी बाटलीत मिसळायला सुरुवात केली, दर खेपेला थोडा जास्त.

"चव लागते का?" पद्मिनीने विचारलं.

"पाण्यासारखी. पण इथल्या टपालाच्या आणि आपल्याकडच्या कायद्याच्या भरवशावर मी श्वास नाही घ्यायचा."

दोन आठवडे ते कुणाशी धड बोलले नाहीत. भात मऊ झाला म्हणून ओरडले, दार वाजलं म्हणून ओरडले. पद्मिनी प्रयोगशाळा बंद असल्याने घरूनच काम करत होती, त्यामुळे सगळं तिच्याच वाट्याला आलं. पावसाळ्यात कधीतरी बाटलीतला द्रव नुसता फळाच्या वासाचा उरला. काही दिवस त्यांनी तोही ओढला, मग यंत्र खिडकीत पडून राहिलं.

ऑगस्टमध्ये परतीचं विमान मिळालं. जायच्या आधी यंत्र टाकायचं ठरलं, तर ते कुठल्या कचऱ्यात जातं हेच कळेना. बॅटरी होती, म्हणून इमारतीच्या व्यवस्थापकांनी ते परत केलं. दोन दुकानांनीही घेतलं नाही. शेवटी ते पद्मिनीच्या ड्रॉवरमध्येच राहिलं.

सांगलीला पोचल्यावर महिन्याभराने त्यांनी फोनवर सांगितलं की टपरीवरून जाता-येता काही वाटत नाही. पद्मिनी सुखावून म्हणाली, "बाबा, एका अर्थी बंदीचा फायदाच झाला म्हणायचा."



"त्या डॉक्टरांनीही हेच ऐकवलं," ते म्हणाले. "वाफ नसती तर माझी सिगारेट सुटली असती का? आधी त्याचं उत्तर दे. मग फायदा म्हण."

उत्तर ऐकायला ते थांबले नाहीत. फोन ठेवून दिला.